ट्रकचा एसी कॉम्प्रेसर जाम? पट्टा कापायच्या आधी हे बघा

एसीचं बटण दाबलं की पट्टा किंचाळतो, केबिनमध्ये जळक्या रबराचा वास येतो आणि इंजिन क्षणभर दबतं. बटण बंद केलं की सगळं शांत. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम झाल्याचं हे ठळक लक्षण. पण याच दुखण्याची आणखीही लक्षणं आहेत, आणि त्यातली काही फसवी आहेत:

- एसी बंद असतानाही पुढून घरघर किंवा चिरकणं चालूच राहतं.
- बटण दाबल्यावर ‘टक्’ होतं, मग धूर. नंतर बघितलं तर कॉम्प्रेसरच्या क्लचची प्लेट कडेने निळी-काळी पडलेली.
- ‘टक्’ होतच नाही, फ्यूज मात्र उडतो.
- पट्टा दर पंधरा दिवसांनी जातो, किंवा आतल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत होतो.
- आधीचे दोन-तीन आठवडे थंडावा कमी कमी होत गेलेला. सकाळी बरा, दुपारी नुसता वारा.
- कॉम्प्रेसरवर किंवा पाइपांच्या जोडावर धूळ चिकटून काळा तेलकट थर जमलेला.

शेवटची दोन लक्षणं लोक सोडून देतात. ती जाम व्हायच्या आधीची असतात. तेव्हाच गाडी उभी केली तर बहुतेक वेळा कॉम्प्रेसर वाचतो.

माझ्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत. चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात कोळसा आणि सिमेंट वाहतात. सगळ्यात नवी म्हणावी ती २०१२ सालची. २०२५ पासून नव्या ट्रकना कंपनीतूनच एसी केबिन देणं बंधनकारक झालंय, पण आमच्यासारख्यांच्या गाड्यांना एसी बाहेरून किट आणून बसवलेला. वर मे महिन्यातला आमच्याकडचा पंचेचाळीस-सेहेचाळीसचा पारा, आणि हवेत कोळशाची भुकटी. या तीन गाड्यांवर मिळून ‘कॉम्प्रेसर जाम’ हे निदान मी सात वेळा ऐकलं. त्यातल्या तीन वेळा कॉम्प्रेसर ठणठणीत होता.

पहिल्यांदा जाम झाला तो नेमका जामला. नागपूरहून येताना हैदराबादचा हायवे सोडून आपण वरोऱ्याकडे वळतो तो चौक. ड्रायव्हरचा फोन आला, “भाऊ, जामले जाम झाला.” मला वाटलं ट्रॅफिकचं सांगतोय.

आधी बंद, मग हात

इंजिन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. डॅशबोर्डवर नको, क्लीनरकडेही नको. चाकांना पुढून-मागून दगड लावा. केबिन पुढे झुकणारी असेल तर ती उचलल्यावर लॉकचा दांडा बसलाय हे हलवून बघितल्याशिवाय खाली वाकू नका. दहा मिनिटं थांबा, कारण कॉम्प्रेसरचा वरचा पाइप चांगलाच भाजतो.

पट्टा

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, म्हणून ती आधी. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने जोर देऊन दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून जास्त लोंबत असेल तर कॉम्प्रेसरचा भार पडताच तो पुलीवर घसरतो आणि अगदी जाम झाल्यासारखाच किंचाळतो. मग पट्ट्याची आतली बाजू बोटाने पुसून बघा. बोट तेलकट झालं तर वरून कुठून तरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ठिबकतंय. ते बंद केल्याशिवाय नवा पट्टा टाकाल तर तोही महिनाभरात जाईल.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते: ब्रॅकेट. आमच्या रस्त्यांवर ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात आणि कॉम्प्रेसर किंचित तिरका बसतो. इंजिनच्या पुलीला आणि कॉम्प्रेसरच्या पुलीला एक सरळ पट्टी लावून बघा. दोन्हींच्या कडा एका रेषेत नसतील तर पट्टा एका बाजूने खरवडत जातो. माझ्या तीन खोट्या ‘जाम’पैकी एक हाच होता. दोन बोल्ट आवळले, एक वॉशर घातला, झालं. त्या आधी गॅरेजवाल्याने नव्या कॉम्प्रेसरचा भाव सांगून ठेवला होता.

हाताने फिरवून बघा

एवढी एकच तपासणी करायची असेल तर ही करा. जाम आहे की नाही, याचं उत्तर इथे मिळतं आणि खर्च शून्य.

पट्टा सैल करून काढा. आता कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. बाहेरची मोठी चकती, जिच्यावर पट्टा बसतो, ती पुली. आणि तिच्या पुढे मधोमध नटाने बसवलेली छोटी प्लेट, ती क्लचची प्लेट. एसी बंद असताना या दोघींचा एकमेकींशी संबंध नसतो. पट्टा पुलीला फिरवत राहतो, मधली प्लेट थांबलेली असते. बटण दाबलं की कॉइलमध्ये चुंबक तयार होतं, प्लेट पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसरचा दांडा फिरायला लागतो. ‘टक्’ आवाज येतो तो हाच.

म्हणून आधी फक्त पुली फिरवा. ती लोण्यासारखी फिरली पाहिजे. खरखर लागली, हलवल्यावर खेळ वाटला किंवा ती फिरलीच नाही, तर दोष पुलीच्या बेअरिंगचा आहे. एसी बंद असतानाही येणारी घरघर इथूनच येते. बेअरिंगचा खर्च काही शे रुपयांचा, आणि गॅसला हात लावावा लागत नाही. माझा दुसरा खोटा ‘जाम’ हा.

मग मधली प्लेट हाताने धरून इंजिन फिरवतं त्याच दिशेने फिरवा. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये सारखा, दबता विरोध लागतो आणि पिस्टन एकामागून एक दाबले जात असल्याचे हलके ठोके हाताला कळतात. एकदा चांगल्या गाडीवर फिरवून बघा, म्हणजे हाताला सवय होईल. हाताने जमत नसेल तर मधल्या नटावर सॉकेट लावा आणि नट घट्ट होतो त्या दिशेने, मनगटाच्या जोराने फिरवा. फक्त मनगटाच्या.

आता चार शक्यता राहतात.

फिरतोय, ठोके लागतायत: कॉम्प्रेसर जाम नाही. पुढे वाचा.

अगदी मोकळा फिरतोय, काही विरोधच नाही: आत काहीतरी तुटलंय, किंवा व्हॉल्व्ह गेलेत. याला जाम म्हणत नाहीत, पण तो कॉम्प्रेसर गेलेलाच.

कधी फिरतो, कधी एका जागी अडकतो: आतला पिस्टन किंवा बेअरिंग खरचटलंय. आज-उद्या पूर्ण जाम होणार. हा चालवू नका.

अजिबात हलत नाही: जाम.

इथे एक अपवाद आहे. गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल, एसी चार-पाच महिने लावलाच नसेल, तर जाम वाटणारा कॉम्प्रेसर कधी कधी नुसता आखडलेला असतो. प्लेट दोन्ही दिशांना हळूहळू हलवत राहिलं तर सुटतो. सुटला तरी लगेच खुश होऊन बटण दाबू नका. आधी दहा-पंधरा फेरे हाताने द्या, आणि आत तेल आहे की नाही याची खात्री करून घ्या.

पाइपचा तुकडा लावून पाना लांब करू नका, हातोडीही नको. गंज सोडवायचा स्प्रे मारणारेही मी पाहिलेत. तो कॉम्प्रेसरच्या आत जातच नाही, क्लचवर मात्र पडतो, आणि मग चांगला क्लचही घसरायला लागतो.

वीज: चोवीस की बारा

प्लेट हाताने नीट फिरतेय आणि तरी बटण दाबल्यावर किंचाळणं किंवा धूर आहे, तर क्लचला पुरता करंट मिळत नसेल. कमी व्होल्टेजवर चुंबक अर्धवट धरतं, प्लेट पुलीवर घासत राहते आणि जळते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कॉम्प्रेसर अडकलाय.

कॉम्प्रेसरच्या वायरच्या जोडावर मीटर लावा. मोठ्या ट्रकची सिस्टिम चोवीस व्होल्टची असते, तेवढा दाब तिथे पोचला पाहिजे. दोन-तीन व्होल्ट कमी दिसले तर अर्थिंग बघा. कोळशाच्या भुकटीत आणि पावसात अर्थिंगचा बोल्ट गंजून जातो. तो काढून पॉलिश पेपरने घासला की पुष्कळ वेळा काम होतं. रिलेवर संशय असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीतच कुठे असतो, तो अदलाबदल करून बघा.

फ्यूज उडत असेल तर कॉइल आतून शॉर्ट झाली असण्याची शक्यता मोठी. वायर काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. चोवीस व्होल्टच्या कॉइलचा साधारण १२ ओहमच्या पुढे-मागे येतो, बारा व्होल्टच्या कॉइलचा ३ ते ४. हा फरक आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. जुना कॉम्प्रेसर घ्यायला गेलात की बारा आणि चोवीसचे बाहेरून अगदी सारखे दिसतात. बाराची कॉइल चोवीसवर लावली तर तिच्यात चौपट उष्णता तयार होते आणि ती थोड्याच दिवसांत जळते. घेताना कॉइलवरचा शिक्का वाचा, नाहीतर मीटर घेऊनच जा.

क्लचच्या प्लेटमधलं अंतरही इथेच बघून घ्या. एसी बंद असताना प्लेट आणि पुली यांच्यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) घाला. साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर अंतर बरोबर. प्लेट झिजून ते वाढलं की चुंबकाची ओढ पुरत नाही. नटामागच्या पातळ वॉशरपैकी एक काढला की अंतर कमी होतं. उलट, प्लेट पुलीला वितळून चिकटली असेल तर एसी बंद केला तरी कॉम्प्रेसर फिरतच राहतो. हा तिसरा खोटा ‘जाम’. क्लचचा सेट बदलला, कॉम्प्रेसर तोच, आजही चालू आहे.

तांब्याची ती तार

जामच्या चौकात गेलेल्या कॉम्प्रेसरबद्दल आता सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त पैसा तिथे गेला.

तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. गाडी ओढून आणली, गॅरेजमध्ये नवा कॉम्प्रेसर टाकला, गॅस भरला, थंडगार हवा आली. सव्वा महिन्याने पुन्हा तेच. पट्टा किंचाळला, प्लेट निळी पडली, आणि नवा कॉम्प्रेसर दगडासारखा. गॅरेजवाला म्हणाला, माल खराब निघाला. मी दुसऱ्या एका म्हाताऱ्या एसीवाल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी कॉम्प्रेसरकडे बघितलंसुद्धा नाही. आधी ड्रायरच्या, म्हणजे गॅसमधली ओल शोषणाऱ्या बाटलीजवळ हात घातला, प्रेशर स्विचचा कनेक्टर उपटला आणि माझ्यासमोर धरला. त्याच्या दोन पिनांमध्ये तांब्याच्या तारेचा यू आकाराचा छोटा तुकडा खोचलेला होता. वरून काळी टेप.

“हे कोणं केलं?” काकांनी विचारलं. मी गप्प. कधीतरी रस्त्यात एसी बंद पडला होता आणि ड्रायव्हरने एका वायरमनकडून तो ‘डायरेक्ट’ करून घेतला होता. एसी लगेच चालू झाला, म्हणून सगळे खुश.

प्रेशर स्विचचं काम काय ते समजून घ्या. गॅस गळून दाब फार खाली गेला की हा स्विच क्लचचा करंट तोडतो. दाब फार चढला तरी तोडतो. गॅस कमी झाल्यावर कॉम्प्रेसर का थांबवायचा? कारण कॉम्प्रेसरमध्ये इंजिनासारखा वेगळा ऑइल पंप आणि चेंबर नसतो. त्याचं तेल गॅसमध्ये मिसळून गॅसबरोबरच पाइपांतून फिरतं आणि परत येतं. गॅस गळतो तेव्हा तेलही थोडं थोडं बाहेर जातं, आणि उरलेलं तेल परत आणायला गॅसचा प्रवाह पुरत नाही. पिस्टन कोरडे घासतात. स्विच मधे नसेल तर ड्रायव्हरला काही कळत नाही. त्याला फक्त थंडावा कमी वाटतो, आणि तो ब्लोअर चारवर करतो.

म्हणजे आमचा पहिला कॉम्प्रेसर गळतीने आणि त्या तारेने मारला. दुसराही तिनेच, कारण गळती कोणी शोधलीच नव्हती आणि तार तिथेच होती. माल खराब नव्हता.

तेव्हापासून गाडी गॅरेजमधून आली की मी आधी हा कनेक्टर काढून बघतो. एसी चालत नाही म्हणून तपासायला पाच सेकंद तार लावणं वेगळं. तीच तार आत ठेवून गाडी रस्त्यावर काढू नका.

गळती

स्वतःला करता येईल एवढी तपासणी: सगळे जोड, कॉम्प्रेसरचं तोंड, कंडेन्सरचे (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचे) कोपरे कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसा. दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा पुसा. जिथे फडकं तेलकट होईल तिथे गळती. क्लचच्या मागे, दांड्याच्या सीलमधून गळत असेल तर तेल फिरत्या पुलीवरून उडतं आणि आजूबाजूच्या पत्र्यावर गोल पट्टा उमटतो. बारीक गळतीला साबणाचं पाणी पुरत नाही, पण पाइपाच्या चेपलेल्या टोकावर किंवा व्हॉल्व्हच्या टोपीखाली बुडबुडे लगेच दिसतात.

दाब मोजायचं गेज लावता येत असेल तर गाडी थंड, सावलीत उभी करून दोन्ही काटे बघा. बाहेर ३५ अंश असेल तर दोन्हीकडे साधारण ११५ पीएसआय यायला हवेत. शून्याच्या जवळ असेल तर गॅस गेलेला. पण ११५ आले म्हणजे गॅस पुरता आहे असं नाही. घरचा सिलिंडर अर्धा झाला तरी शेगडीची ज्योत तशीच राहते, तसंच हे. आत थोडाही द्रव गॅस शिल्लक असेपर्यंत उभ्या गाडीत दाब तेवढाच दिसतो. गॅस किती आहे हे फक्त वजनावरून कळतं.

मधल्या रस्त्यात जाम झाला तर

आधी क्लचच्या वायरचा कनेक्टर काढा. पुली मोकळी फिरत असेल तर पट्टा तसाच राहू द्या, एसी बंद ठेवून गाडी आरामात घरी येते. जाम कॉम्प्रेसरमुळे गाडी अडत नाही, कारण एसी बंद असताना पुलीचा त्याच्याशी संबंध नसतो. वायरचं टोक टेपने गुंडाळा, नाहीतर चुकून बटण दाबलं गेलं की फ्यूज जाईल.

पुलीचं बेअरिंगच अडकलं असेल तर मात्र पट्टा जळणारच. आता महत्त्वाचा प्रश्न हा की त्या पट्ट्यावर आणखी काय आहे. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये कॉम्प्रेसरला बहुतेक वेगळा पट्टा असतो. तो कापून टाका, काही बिघडत नाही. पण एकाच लांब पट्ट्यावर पाण्याचा पंप, अल्टरनेटर किंवा स्टिअरिंग पंप असेल तर तो कापून एक किलोमीटरही जाऊ नका. पंप बंद म्हणजे इंजिन उकळणार आणि हेड गॅस्केटचा खर्च डोक्यावर. अशा गाडीत कॉम्प्रेसर वगळून बसेल असा आखूड पट्टा मिळतो का ते कॅटलॉगवरून आधीच बघून, एक सीटखाली ठेवलेला बरा.

इथे थांबा

पट्टा काढून मधली प्लेट हलत नाही, हे नक्की झालं की तुमचं काम संपलं. यापुढे गॅसची लाइन उघडावी लागते, आणि ते ओळखीच्या चांगल्या एसीवाल्याचंच काम. एसीतला आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांच्या आसपास उकळतो. पाइपाचा नट सैल करताना तो अंगावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळाच जाऊ शकतो. शिवाय तो असा हवेत सोडायचा नसतो. तापमानवाढीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० किलोहून जास्त भरतो. गोळा करायचं यंत्र असतं, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

आणखी दोन गोष्टींना सरळ नाही म्हणा. एक, स्वस्तात गॅस भरून देतो म्हणून घरगुती सिलिंडरचा किंवा बिननावाच्या डब्यातला गॅस. तो पेट घेतो, आणि केबिनमधल्या थंडाव्याच्या कॉइलच्या अलीकडेच तुमचा ड्रायव्हर झोपतो. दोन, गळती तपासायला वेल्डिंगच्या ऑक्सिजनचा दाब. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दाब द्यायचा तर कोरड्या नायट्रोजनचा.

एसीवाल्याकडे उभं राहून काय बघायचं

कॉम्प्रेसर जाम होताना आतला धातू खरवडतो. ती भुकटी तेलात मिसळून सगळ्या लाइनभर पसरते. एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅस थंड व्हायच्या आधी ज्या बारीक तोंडातून जातो तो) काढला की त्याची जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकायला सांगा. काजळासारखा काळा, चकाकणारा लगदा निघाला तर समजा, नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नाही. ती भुकटी नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरेल आणि तोही जाईल. ‘नवा टाकलेला सुद्धा महिन्यात जाम झाला’ ही तक्रार जिथे जिथे ऐकली, तिथे बहुतेक हेच किंवा तार.

लाइन फ्लश करायची ती एसीच्या फ्लशने आणि नायट्रोजनने. डिझेल-पेट्रोल नाही, त्याचा अंश तेलाची वाट लावतो. जुन्या पद्धतीचा, एकाच जाड पाइपाचा वळणावळणाचा कंडेन्सर धुतला जातो. चपट्या बारीक नळ्यांचा असेल तर आतली भुकटी निघत नाही, तो बदला. मला हे पटायला एक कॉम्प्रेसर गमवावा लागला. ड्रायरची बाटली प्रत्येक वेळी नवी, आणि तिची टोपणं अगदी शेवटी काढायची. आतलं रसायन हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात तासभर उघडी राहिली तर तिचा उपयोग संपला.

तेलाबद्दल घासाघीस करू नका, पण प्रश्न विचारा. नव्या कॉम्प्रेसरमध्ये आधीच किती तेल आहे ते लेबलवर असतं. ड्रायर बदलला तर साधारण १५ ते ३० मिली, कंडेन्सर बदलला तर ३० मिली आणखी लागतं. जुना गॅस आर-१२ वर चालणारी फारच म्हातारी गाडी असेल तर तिचं तेलही वेगळं असायचं, ते नव्यात मिसळून चालत नाही. तेल कमी पडलं तर काय होतं ते वर वाचलंत. जास्त झालं तर थंडावा कमी होतो आणि सुरू करताना पिस्टनवर द्रव साचून दांडा अडकतो. म्हणूनच नवा कॉम्प्रेसर बसवल्यावर बटण दाबण्याआधी मधली प्लेट हाताने दहा-पंधरा फेरे फिरवायची. एका पोराने हे न करता इंजिन चालू केलं आणि ‘नवा पण जाम निघाला’ म्हणून परत पाठवायला निघाला होता.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने लाइनमधली हवा आणि ओल ओढून काढणं, कमीत कमी अर्धा ते पाऊण तास. काटा २९ इंचांच्या आसपास गेला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं तिथेच राहिला पाहिजे. मागे सरकला तर गळती अजून आहे. पंप पाच मिनिटं फिरवून ‘झालं’ म्हणणाऱ्याला परत लावायला सांगा. आत राहिलेली ओल गॅस आणि तेलात मिसळून आम्ल बनवते आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठून थंडावाही तोडते. शेवटी गॅस काट्यावर मोजून, केबिनमधल्या किंवा किटच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतका. अंदाजाने ‘अजून थोडा सोडतो’ नको. आमच्या उन्हात जास्त गॅस म्हणजे वरच्या बाजूचा दाब भलताच चढतो.

मूळ कारण पुढे लटकलेलं असतं

सगळं नीट केलं तरी वर्ष-दीड वर्षात पुन्हा जाम होत असेल, तर कंडेन्सरच्या जाळीकडे बघा. कोळशाची भुकटी, सिमेंट, सरकीच्या गाडीमागे चालला असाल तर कापसाचे तंतू, सगळं तिथे जाऊन थापलं जातं. हवा आरपार जात नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो, तेल पातळ होऊन पिस्टनवर टिकत नाही. आमच्या गाड्यांची जाळी दर आठवड्याला धुतली जाते, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या पाण्याच्या पाइपने. सर्व्हिसिंगच्या जोरकस प्रेशरने पातळ पाती वाकतात आणि उरलीसुरली हवाही अडते. कंडेन्सरचा वेगळा पंखा असेल तर तो सुरू होतोय आणि हवा योग्य दिशेला फेकतोय हे बघा. मोटर बदलताना वायर उलट्या लागल्या की पंखा फिरतो, पण उलटा.

आणि थंडीत एसी पूर्ण बंद ठेवू नका. दांड्याचं सील तेलाने ओलं राहिलं तर गळत नाही. चार महिने कोरडं पडलं की मार्चमध्ये पहिल्याच दिवशी गॅस जातो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पुरतात. गेल्या डिसेंबरात पहाटे मी घुग्घुसच्या काट्यावर ड्रायव्हरला हे करायला लावलं, तर तो कांबळं गुंडाळून, दोन्ही काचा खाली करून बसला. बाजूच्या गाडीतला एकजण ओरडला, “काऊन भाऊ, एवढ्या थंडीत एसी लावून राह्यला?” आमचा म्हणाला, “मालकाचा कॉम्प्रेसर आहे, मायी तब्येत नाही.”